ऊन आणि पूर्ण बाह्यांचा सदरा

इंग्रजीतली ए, बी, सी, डी ही चार मंडळी मराठीत राहायला आली, तेव्हा त्यांना आपल्या वर्णमालेत सलग जागा काही मिळाली नाही. मग 'अ'च्या शेजारी 'ब' बसला, 'ब'च्या शेजारी 'क', आणि त्याच्याही पलीकडे थेट टवर्गातून उचलून आणलेला 'ड'. अक्षरांची ही चमत्कारिक पंगत शाळेच्या तुकड्यांत बसते, नाही तर जीवनसत्त्वांत. ज्यांनी 'ड' तुकडीत दिवस काढले असतील त्यांना आठवत असेल, की हेडमास्तरांची फेरी त्या वर्गापर्यंत क्वचितच पोचत असे. जीवनसत्त्वांमधल्या 'ड'चेही पुष्कळ वर्षे तेच होते. मुडदूस झालेल्या पोराला नाक दाबून कॉडलिव्हर तेल पाजायचे, एवढ्यापुरतीच घराला त्याची आठवण.

आता मात्र मागच्या बाकावरच्या या विद्यार्थ्याचा भाग्योदय झाला आहे. दिवाळी जवळ आली की कापडाच्या दुकानांबरोबर रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळाही सवलती जाहीर करतात, आणि 'संपूर्ण शरीराच्या तपासणी'त 'ड' हटकून असतो. कागद हातात पडला की लोक तो दहावीच्या निकालासारखा एकमेकांना सांगतात. "आमचे अकरा!" "आमच्या हिचे तर नऊच!" पास होण्याची मर्यादा कागदावर बहुधा तीस छापलेली असते; म्हणजे सगळी आळी नापास. मग औषधाच्या दुकानातून साठ हजारांच्या पुड्या येतात, दुधात घालून घेतल्या जातात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विषय मिटतो.

ज्यांच्या बाबतीत तो असा मिटत नाही, अशा माणसांविषयी यंदा या सदरात लिहायचे आहे. २९ ऑक्टोबर हा जगभर सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो. तो दिवाळीच्या आगेमागेच येतो, आणि थंडीही त्याच सुमाराला येते. थंडी म्हणजे आपल्याला हुरड्याचे आणि शेकोटीचे दिवस. सोरायसिस असलेल्या पुष्कळांना मात्र ते चट्टे वाढण्याचे दिवस असतात.

आमच्या कॉलेजच्या कचेरीत एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, आणि नाशिक जिल्ह्यात दर तिसरा मनुष्य भाऊसाहेब असल्यामुळे ओळख पटण्याची भीती नाही. नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगाव यांच्या मधले रेल्वेचे गाव. पाऊस बेताचा, पाणी त्याहून बेताचे. ऊन मात्र पोटभर. मे महिन्यात कचेरीतला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत असतो, आणि आम्ही सारे सदऱ्याची वरची दोन बटणे सोडून बसलेले असतो. भाऊसाहेब तेव्हाही पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात, मनगटाचे बटण लावून. नवीन आलेल्या प्राध्यापकांना ती टापटीप वाटते. ते चहाला येत नाहीत, सहलीला येत नाहीत, आणि लग्नाला आलेच तर अक्षता टाकून पंगतीच्या आधी निघतात. गेल्या उन्हाळ्यात एकदा कचेरीत दुसरे कोणी नाही असे पाहून त्यांनी टेबलावर प्रयोगशाळेचा कागद ठेवला. 'ड' अकरा.

"सर, तुम्ही वाचता बिचता. एक विचारू का?"

"विचारा की."

"हे ड भरून काढलं तर हे जाईल का?" बाहीकडे बोट होते. "आणि नाही गेलं, तर पुढं काय काय होतं माणसाला? पोरगी बारावीला आहे माझी."

मी मराठीचा मास्तर, वैद्य नव्हे. पण प्रश्न दोन्ही नीट विचारलेले होते, आणि ते एकट्या भाऊसाहेबांचे नव्हते. त्यांच्यासाठी जे वाचले आणि माहितगार डॉक्टरांकडून समजून घेतले, ते इथे लिहितो आहे.

आधी रोगाच्या नावापासून. कारण या रोगात नावानेही माणसाचे नुकसान केले आहे. गावात सोरायसिसला कोणी गजकर्ण म्हणते, कोणी इसब. डोक्यात असला तर नुसताच 'कोंडा'. तिन्ही नावे दुसऱ्या रोगांची. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतल्या 'एककुष्ठा'ची त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होते असे वर्णन आहे. पुष्कळ वैद्य सोरायसिस त्याच्याशी जुळवतात. तेव्हा 'कुष्ठ' ही साऱ्या त्वचारोगांची मोठी टोपली होती. पुढे तो शब्द एकाच रोगाला चिकटला, आणि टोपलीतले बाकीचे उगाच त्याच्याबरोबर गावाबाहेर गेले. युरोपातही हेच झाले होते. तिथे व्हिएन्नाच्या हेब्रा या वैद्याने १८४१ साली सोरायसिस आणि कुष्ठरोग यांचा काहीएक संबंध नाही असे वेगळे करून दाखवले, तोवर कित्येक सोरायसिसवाले कुष्ठरोगी म्हणून हाकलले गेले असतील. पंगतीच्या आधी निघून जाणाऱ्या माणसाच्या मनात ही सगळी जुनी भीती असते, आणि आपल्याही मनात ती कुठेतरी असतेच.

वस्तुस्थिती अशी, की सोरायसिस संसर्गजन्य नाही. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने पुसल्याने तो होत नाही. आपल्या कातडीच्या खालच्या थरात जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते आणि सुमारे चार आठवड्यांनी नकळत गळून पडते. सोरायसिसमध्ये हा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पॅसेंजरच्या मार्गावर एक्स्प्रेस धावावी तसे होते, आणि वरच्या स्टेशनात गर्दी साचते. तेच ते लाल चट्टे आणि त्यांवरच्या चंदेरी खपल्या. सिग्नल चुकीचा पडतो तो शरीराच्या संरक्षक यंत्रणेकडून. शत्रू नसताना ती फौज बाहेर काढते. थोडा वारसा, थोडे निमित्त, असे काहीसे त्याचे मूळ आहे. आपल्या देशात शंभरात एखाददुसऱ्याला हा असतो, म्हणजे नांदगावसारख्या लहान गावातही ही मंडळी शेकड्यांनी भरतील. ती दिसत नाहीत, कारण पूर्ण बाह्यांचे सदरे स्वस्त मिळतात.

आता 'ड'. त्याची एक महत्त्वाची साक्ष खुद्द आमच्या जिल्ह्यात नोंदली गेली, हे वाचून मला गंमत वाटली. १९२२ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या विलायती नियतकालिकात हचिसन आणि शाह या दोघांचा मुडदुसाच्या कारणांविषयी एक लेख आला. पाहणी होती नाशिकची. त्या वेळी विलायतेत मुडदुसावरून वैद्यांचे दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, खाण्यात काहीतरी कमी पडते. मेलॅन्बी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून कॉडलिव्हर तेलाचा गुण दाखवला होता. दुसरा पक्ष म्हणे, उजेड कमी पडतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा केला होता. धुराने काळवंडलेल्या विलायती शहरांत या भांडणाचा निकाल लागणे कठीण, कारण तिथला गरीब मनुष्य अन्नालाही मुकलेला आणि उन्हालाही.

नाशिकात ही दोन कारणे आपोआप वेगळी झालेली होती. खाऊनपिऊन सुखी, पडदा पाळणाऱ्या घरांत, मग ती हिंदूंची असोत की मुसलमानांची, बायका आणि तान्ही मुले घराच्या आत राहत. आणि मुडदूस तिथेच दिसला. कष्टकऱ्यांच्या पोरांना दूधदुभते जेमतेम, पण ती आईच्या पाठीवर किंवा बांधावर दिवसभर उघड्यावर असत. त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नाही. जुन्या वाड्यातले माजघर आठवा: भर दुपारीही डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, आणि बाळंतिणीची खोली तर त्याच्याही आत. जे घर लेकराला वारा लागू नये म्हणून जपत होते, त्याच घराच्या लेकरांचे पाय वाकत होते. 'ड'चे नामकरणही त्याच वर्षी, १९२२ मध्ये, अमेरिकेत मॅकॉलम यांनी केले. दोन्ही पक्षांचे अर्धे अर्धे खरे ठरले: वस्तू एकच, ती तेलातही असते आणि ऊन लागले की आपली कातडी स्वतःच बनवते.

हा लेख कळला आणि भाऊसाहेबांच्या अकरा या आकड्याचा अर्थ मला लागला. नांदगावात राहून ते उन्हाला पारखे होते. नाशिकच्या त्या वाड्यांतल्या पडद्याने भिंती घातल्या होत्या. यांचा पडदा शिंप्याने शिवला होता.

तशी आज ही स्थिती केवळ त्यांचीच नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात सैन्यातल्या जवानांचे 'ड' बऱ्यापैकी निघाले, आणि सर्वांत वाईट अवस्था होती रुग्णालयातल्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची! पण सोरायसिस असलेल्यांत ते इतरांहूनही कमी असते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. एक कारण कपडे. दुसरे वजन: 'ड' चरबीत मुरते, त्यामुळे अंगाने जाड माणसाच्या रक्तात ते कमी सापडते, आणि या रोगात वजन वाढण्याकडे कल असतो. तिसरे कारण असे, की शरीरात दाह चालू असला म्हणजे रक्तातला हा आकडा आपोआपही खाली येतो. म्हणजे रोगामुळे 'ड' कमी, की 'ड' कमी म्हणून रोग, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या उघडतात. म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही. प्रयोगशाळेचा कागद हाती आला की मात्र भली शहाणी माणसे तसेच म्हणू लागतात.

'ड' आणि सोरायसिस यांचे नाते अगदीच काल्पनिक आहे असेही नाही. १९८५ मध्ये जपानात ओसाका येथे हाडे ठिसूळ झाली म्हणून एका रुग्णाला 'ड'च्या जातीचे औषध दिले, आणि ध्यानीमनी नसताना त्याचा सोरायसिस गेला. त्या धाग्यावरून संशोधन होऊन कॅल्सिपोट्रिऑल नावाचे मलम निघाले. कातडीच्या पेशींना 'ड'ची भाषा समजते. हे मलम त्यांना सांगते, जरा दमाने घ्या. गेली तीसेक वर्षे ते जगभर वापरात आहे, आपल्या दुकानांतही मिळते, आणि चट्टे थोडे असतील तर डॉक्टर बहुधा त्यानेच, एकटे किंवा दुसऱ्या औषधाच्या जोडीने, सुरुवात करतात.

मग मलमाने जे होते ते पुडीने का होऊ नये? भाऊसाहेबांचा नेमका हाच प्रश्न होता. त्याची परीक्षा नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी झाली. हे गाव इतके उत्तरेला, की हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येतच नाही. ज्यांचे 'ड' कमी आहे अशा १२२ सोरायसिसग्रस्तांना हिवाळ्याचे चार महिने, अर्ध्यांना 'ड' आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी दिली. पहिल्यांदा एक लाख एकके, मग दर आठवड्याला वीस हजार. रक्तातला आकडा छान वर गेला. चट्ट्यांत दोन्ही गटांमध्ये काही फरक पडला नाही. हा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्याने शंभर टक्के गोष्ट संपली असे कोणी जाणता म्हणणार नाही, पण पुडीकडून चमत्काराची आशा धरण्याचे कारण उरत नाही.

आणि दीर्घायुष्याचे काय? 'ड' कमी असलेल्यांत पुढे हृदयविकार, मधुमेह, मृत्यू यांचे प्रमाण अधिक, असे नुसत्या पाहण्यांत वारंवार दिसले होते. म्हणून मोठे प्रयोग झाले. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर पाचेक वर्षे. २०१८ मध्ये कळले की रोज दोन हजार एकके घेऊन हृदयविकार किंवा कर्करोग टळला नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१ हजारांहून अधिक लोकांना महिन्याला साठ हजार एकके, हो, आपली तीच पुडी, पाच वर्षांपर्यंत दिली. २०२२ मध्ये जाहीर झाले की आयुष्य वाढले नाही. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की त्या अमेरिकन प्रयोगाच्या २०२२ मधल्या हिशेबात, संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटण्याचे रोग नव्याने होण्याचे प्रमाण 'ड' घेणाऱ्यांत २२ टक्के कमी आढळले. पण तो हिशेब अशा सगळ्या रोगांचा मिळून होता, आणि झालेला रोग जाण्याविषयी तो काही सांगत नाही.

म्हणून अकरा हा आकडा मला आरोपी वाटत नाही, साक्षीदार वाटतो. हा माणूस उन्हात जात नाही, चालत नाही, चारचौघांत मिसळत नाही, त्याच्या अंगात दाह धुमसतो आहे, एवढे तो सांगत असतो. पुडी देऊन साक्षीदाराचे तोंड बंद करता येते. घटना जिथल्या तिथे राहते.

इथे गैरसमज नको. 'ड' खरोखर कमी असेल तर ते भरून काढलेच पाहिजे, ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. विशेषतः ज्यांचे सांधे धरले आहेत किंवा ज्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आहेत त्यांनी. पण तीस हा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. २०११ मध्ये ज्या अमेरिकन अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने तो रूढ केला, तिनेच २०२४ मध्ये तो आग्रह सोडला, आणि धडधाकट माणसाने ही तपासणी सरसकट करू नये असेही सांगितले. प्रयोगशाळांच्या जाहिरातींपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही! आणि साठ हजारांची पुडी बहुधा आठवड्याला एक, काही आठवडेच, सांगितलेली असते. उत्साहाच्या भरात ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढते. उलट्या, भ्रम, मूत्रपिंडाला इजा, इथपर्यंत मजल जाते. क जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते, ड मुक्कामाला राहते. मागच्या बाकावरचा विद्यार्थी म्हणून त्याला गरीब समजू नये.

भाऊसाहेबांचा दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा होता: पुढे काय होते? पूर्वी डॉक्टरही म्हणत, कातडीचाच तर रोग आहे, जिवाला धोका नाही. ते आता कोणी म्हणत नाही. धुमसणारा दाह कातडीपाशी थांबत नाही. ज्यांना सोरायसिस आहे अशा शंभरांतल्या सुमारे वीस जणांचे, काही पाहण्यांत तिसांपर्यंत, सांधेही धरतात. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास बोटे किंवा कंबर आखडलेली, टाच दुखते, एखादे बोट सगळेच्या सगळे सुजते, नखांवर शिवणाच्या टोपणासारखे बारीक खड्डे पडतात. हे दिसले की 'वय झाले' म्हणून सोडू नये; सांधा एकदा झिजून वाकडा झाला की औषधाने सरळ होत नाही.

आणि हृदय. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या दप्तरांतून एक लाख तीस हजारांच्या आसपास सोरायसिसग्रस्तांच्या नोंदी काढून केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीतल्या, तीव्र सोरायसिस असलेल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला. सौम्य सोरायसिस असेल तर सव्वापटीहून किंचित जास्त. तिप्पट म्हटले की छातीत धस्स होते, पण तिशीत मूळ धोकाच लहान असतो, आणि लहानाची तिप्पट म्हणजे काही डोंगर नव्हे. घाबरण्याऐवजी करण्यासारखे पुष्कळ आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर यांकडे इतरांहून दहा वर्षे आधी लक्ष द्यावे. तंबाखू आणि दारू या दोघी हृदयालाही नडतात आणि चट्ट्यांनाही. वजन उतरले की चट्टे कमी होतात आणि औषधही अधिक लागू पडते, हे नीट सिद्ध झालेले आहे. सवलतीच्या तपासणीत पैसे घालायचेच, तर मी भाऊसाहेबांना सांगितले, 'ड'च्या आधी हे पाहा.

मनाचे तर कोणी मोजतच नाही. या रोगात उदासी किती खोल जाते हे घरच्यांनाही उशिरा कळते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव केला, त्यात या सामाजिक अवहेलनेचा मुद्दामच उल्लेख झाला. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांना लहानपणापासून सोरायसिस होता. १९८९ च्या 'सेल्फ-कॉन्शसनेस' या आत्मपर पुस्तकात त्यांनी एक सबंध प्रकरण आपल्या कातडीशी झालेल्या लढाईवर लिहिले आहे. न्यूयॉर्क सोडून समुद्रकाठच्या गावी बिऱ्हाड करण्यामागे, लेखकाचा एकांती व्यवसाय पत्करण्यामागे, या चट्ट्यांचा हात होता, असे ते मोकळेपणाने सांगतात. त्यांना एवढे ठाऊक होते, की उन्हाने चट्टे विरतात.

ते खरेच विरतात, आणि त्याचे श्रेय 'ड'ला नाही. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे कातडीतली ती चिडलेली फौज शांत होते. त्याच किरणांनी 'ड'ही बनते, म्हणून दोघांची गल्लत होते. या किरणांचा उपयोग आपल्या वैद्यांना फार जुना माहीत होता: कोडावर बावचीचे बी लावायचे आणि उन्हात बसवायचे. बावचीतल्या द्रव्याच्या जातीचेच औषध देऊन वर किरण सोडण्याची पद्धत १९७४ पासून सोरायसिससाठी आधुनिक वैद्यकात आली. अपडाइकही पुढे त्या दिव्याखाली उभे राहिले. आता त्वचारोगतज्ज्ञ बहुधा ३११ नॅनोमीटरच्या ठरावीक किरणांचा दिवा वापरतात, आठवड्याला दोन-तीनदा, काही महिने. उपाय चांगला. पण नांदगावहून नाशिक शंभरेक किलोमीटर. आठवड्याला तीन रजा कोणती कचेरी देईल? तेव्हा आमच्यासारख्या गावांना अंगणातल्या उन्हाचाच विचार करावा लागतो.

त्यातही एक भ्रम आहे. सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. प्रसन्न वाटायला ते चांगलेच. पण 'ड' बनवणारे किरण तिरप्या उन्हात फारसे नसतात. तिरुपतीच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवले की सकाळी अकरा ते दुपारी दोन हीच त्यांची वेळ. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्याहून आखूड असली पाहिजे. सोरायसिसच्या माणसाने आपल्या डॉक्टरांना विचारून, पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, हातपाय उघडे ठेवावेत, आणि कातडी चटकायच्या आत सावलीत यावे. भाजून घेतले तर उलट नवे चट्टे उठतात. थोड्या जणांना ऊन मुळीच मानवत नाही, आणि काही औषधांवर ते वर्ज्यही असते; म्हणून विचारणे आले. हौशी वैदूंच्या भुकट्यांविषयी तर बोलायलाच नको. एखाद्या भुकटीने आठवड्यात चट्टे नाहीसे झाले तर तीत स्टेरॉइड असल्याचा संशय धरावा. ते बंद होताच रोग दुप्पट जोराने उसळतो, आणि कधी जिवावर बेततो.

भाऊसाहेब गेल्या महिन्यापासून दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या मागे, जिथे जुनी बाके रचून ठेवली आहेत तिथे, बाह्या कोपरापर्यंत दुमडून बसतात. तिथे कोणी येत नाही म्हणून. कधीकधी मी जातो, आम्ही कांद्याच्या भावाविषयी बोलतो. सांध्यांचे आणि साखरेचे त्यांनी दाखवून घेतले. चट्टे आहेत तसेच आहेत. मलम चालू आहे.

आता घरातल्या वडीलधाऱ्या बायकांसाठी एक निरोप, कारण नरकचतुर्दशीचा कारभार त्यांच्या हाती. घरात असे कोणी असेल तर अभ्यंगाचे तेल जरूर लावा. खोबरेल किंवा तिळाचे, भरपूर, आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाही थोडे पुन्हा. कोरड्या कातडीला त्याची गरजच असते. पाणी कढत नको, कोमट हवे. मात्र उटणे घासू नका, आणि खपल्या निघाव्यात म्हणून वजरी किंवा काथ्या तर मुळीच नको. या कातडीला जिथे ओरखडा पडतो तिथे नवा चट्टा उठतो. कोब्नर नावाच्या जर्मन वैद्याने दीडशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवले आहे. सुगंध हवा असेल तर उटणे नुसते पाण्यात कालवून तळहातावर द्यावे. आणि पाडव्याला सदरा घ्यायचा झाला, तर अर्ध्या बाह्यांचा घ्यावा का, हे त्या माणसालाच एकदा विचारावे.